फाटक बंद झालं, रस्ता उरला : पडून राहिलेल्या रस्त्याची चालण्या-सायकलची वाट कशी करायची

रेल्वेचं फाटक कायमचं बंद होतं, शेजारून उड्डाणपूल जातो आणि फाटकाकडे येणारा जुना रस्ता तसाच पडून राहतो. बायपास झाला की जुन्या रस्त्याचं एखादं वळण असंच सुटतं, नवा पूल झाला की जुन्या पुलाचा पोचरस्ता. पहिल्या वर्षी कुणीतरी रात्री येऊन राडारोड्याची एक ट्रॉली रिकामी करून जातं. दुसऱ्या वर्षी बंद पडलेले टेम्पो येऊन उभे राहतात. तिसऱ्या वर्षी घरोघरी सांगायला सुरुवात होते, "संध्याकाळनंतर तिकडून येऊ नकोस." खालची खडी, कडेची गटारं, दुतर्फा वाढलेली जुनी झाडं हे सगळं मात्र शाबूत असतं. शहरात चालायला जागा नाही म्हणून आपण हळहळतो आणि सात मीटर रुंदीचा तयार रस्ता कचऱ्याखाली गाडलेला असतो.

आमच्या भागात असा साडेसहाशे मीटरचा तुकडा होता. आज तो सकाळ-संध्याकाळ गजबजलेला असतो. ते करताना झालेल्या चुका आणि जगात इतरत्र अशी कामं कशी झाली याचा अभ्यास, दोन्ही इथे मांडतो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. अशा वाटेचं भवितव्य तिच्या दोन तोंडांशी ठरतं. आत कुठून यायचं, बाहेर कुठे पडायचं आणि कुणाला आत येऊ द्यायचं नाही, एवढं जमलं तर मधे नुसतं जुनं डांबर असलं तरी लोक येतात.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात नेल्सन स्ट्रीटकडे मोटरवेवरून उतरणारा एक रॅम्प २००५ मध्ये बंद झाला. दहा वर्षं तो शहराच्या मध्यावर रिकामा पडून होता. रस्ता धडधाकट, पण पायी माणसाला त्यावर पोचायला सोयच नव्हती. शेवटी कॅनडा स्ट्रीटकडून त्याला जोडणारा १६० मीटरचा पोलादी पूल बांधला आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना खुला झाला. भडक गुलाबी रंगाचा पृष्ठभाग, कडेने दिव्यांची रांग आणि 'ते आरा इ व्हिटी' हे माओरी नाव, म्हणजे उजेडाची वाट. फोटो सगळीकडे त्या गुलाबी रंगाचे फिरतात. शिकण्यासारखा आहे तो १६० मीटरचा जोड.

आधी आठवडाभर नुसतं बघा

पडीक म्हटलेला रस्ता कधीच पूर्ण रिकामा नसतो. वही घ्या आणि तीन दिवस मोजणी करा : एक कामाचा दिवस, एक रविवार, एक आठवडी बाजाराचा दिवस. पहाटे साडेपाच ते आठ, दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी पाच ते नऊ. दर पंधरा मिनिटांना चालणारे, सायकलवाले, दुचाकी, हातगाड्या यांच्या वेगवेगळ्या रेघा मारा. बाया, मुलं, काठी घेऊन चालणारी म्हातारी माणसं यांची खूण वेगळी ठेवा. कोण कुठून आत आलं आणि कुठून बाहेर पडलं याचे बाण नकाशावर काढा.

आम्हाला वाटलं होतं, मॉर्निंग वॉकवाले जास्त असतील. निघाल्या भाजीवाल्या बाया. डोक्यावर पाटी, हातात पिशवी, पहाटे पावणेसहाला मंडईकडे निघालेल्या आणि कुंपणाच्या तुटलेल्या भोकातून वाकून बाहेर पडणाऱ्या. ते भोक आमच्या नकाशात नव्हतंच. पुढे वाटेचं तिसरं तोंड तिथेच केलं, आणि आज सर्वांत जास्त वर्दळ त्याच तोंडाला आहे. लोकांच्या पायांनी पडलेली पाऊलवाट दिसली की तिला मान द्या. ती कुठल्याही आर्किटेक्टच्या रेघेपेक्षा खरी असते.

जमीन कुणाची, रस्ता कुणाचा

या टप्प्यात घाई केली तर वर्षं वाया जातात. महानगरपालिका हद्दीतले सार्वजनिक रस्ते साधारणपणे पालिकेकडे निहित असतात, पण सुटलेल्या तुकड्यांचं तसं सरळ नसतं. जुना महामार्ग असेल तर तो कागदावर अजून महामार्ग खात्याकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असू शकतो. फाटकाजवळचा भाग रेल्वेचा असतो. मधेच एखादा पट्टा खासगी निघतो, कारण रस्ता रुंद करताना भूसंपादन अर्धवट राहिलेलं असतं. सिटी सर्व्हे कार्यालयातून नकाशा आणि मिळकत पत्रिका काढा, विकास आराखड्यात तो तुकडा काय दाखवला आहे ते बघा आणि रस्ता हस्तांतरित झाला का याची कागदपत्रं माहिती अधिकारात मागा. अर्जात एकच नेमका प्रश्न असावा. दहा प्रश्न विचारलेत तर उत्तर दहा टेबलांवर फिरत राहतं.

मग मोहाचा क्षण येतो. कुणीतरी सुचवतं, "याचं उद्यान म्हणूनच आरक्षण करून घेऊ." माझं मत ठाम आहे : तो रस्ताच राहू द्या. आराखड्यातला वापर बदलायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालची फेरबदलाची प्रक्रिया लागते. सूचना, हरकती, शासनाची मंजुरी, सगळंच आलं. रस्ता रस्ताच ठेवून फक्त मोटारगाड्यांना बंदी केली, तर मोटार वाहन अधिनियमाचं कलम ११५ पुरतं, आणि ती अधिसूचना वाहतूक शाखेकडून निघते. याच कलमात एक उपयोगी तरतूद आहे. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त काळाची नसेल तर राजपत्रात प्रसिद्धी लागत नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केलं तरी चालतं. चाचणीसाठी याच महिन्याचा उपयोग करायचा.

कागद कच्चे ठेवले तर काय होतं ते पॅरिसला विचारा. सीन नदीच्या उजव्या काठावरचा ३.३ किलोमीटरचा वेगवान रस्ता २०१६ मध्ये गाड्यांना बंद करून लोकांना दिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण परिणामांचा अहवाल अपुरा होता. शहराने काही दिवसांतच नदीकाठच्या वारशाच्या संरक्षणाच्या मुद्द्यावर नवा आदेश काढला, आणि तो त्याच वर्षी कोर्टात टिकला. आपल्याकडेही कुणीतरी हरकत घेणारच. वाहतूक कुठे वळेल, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी कशी आत येईल, कडेच्या घरांना आणि दुकानांना गाडी कशी पोचेल, याची उत्तरं पहिल्याच प्रस्तावात लेखी द्या.

रेल्वेचं फाटक असेल तर एक गोष्ट विसरू नका. फाटक बंद झालं की रूळ ओलांडणं हा रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि जिवाला धोका तर आहेच. भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल मिळेपर्यंत दोन्ही बाजूंचे तुकडे वेगवेगळ्या वाटा म्हणूनच विकसित करा. रुळाच्या कडेला पक्की भिंत हवी, जाळी लोक कापतात.

पावसात जा, ऑइल पेंट घेऊन

सर्वेक्षण करणारे लोक उन्हाळ्यात येतात. तुम्ही भर जुलैत जा. पाऊस चांगला तासभर कोसळून थांबला की पिवळ्या ऑइल पेंटचा डबा घेऊन निघा आणि जिथे पाणी साचलंय त्याच्या कडेने डांबरावर ठिपके मारा. ओल्यावर रंग नीट बसत नाही, म्हणून डबक्याच्या काठापासून हातभर बाहेर, फडक्याने पुसून मारायचे. ऊन पडल्यावर सगळा रस्ता तुमच्याशी बोलायला लागतो. आमच्याकडे चौदा डबकी निघाली, त्यातली नऊ फक्त गटाराची जाळी बुजल्यामुळे. एका दिवसात चार माणसांनी पहारी आणि फावडी घेऊन जाळ्या मोकळ्या केल्या आणि नऊ डबकी गेली. उरलेल्या पाचांसाठी अभियंत्याला बोलावलं.

पुढचं पाऊल, जमिनीखाली काय आहे ते शोधणं. पाण्याची लाइन, ड्रेनेज, वीज वितरण कंपनीची केबल, गॅस, इंटरनेटच्या वायरी. कागदावरचे नकाशे नेहमी बरोबर नसतात, म्हणून ठरावीक अंतरावर आडवे खड्डे हाताने खोदून बघा. यंत्राने नको. ड्रेनेजच्या प्रत्येक चेंबरचं झाकण नकाशावर घ्या आणि त्याची पातळी तपासा. सायकलचं चाक अडकून माणूस पडायला दोन इंच खोल गेलेलं झाकण पुरतं.

चार रविवार, फक्की आणि ड्रम

एक रुपयाचंही बांधकाम करण्याआधी चाचणी घ्या. वाहतूक शाखेची परवानगी, दोन्ही तोंडांना पाण्याने भरलेले ड्रम, जमिनीवर फक्कीने मारलेल्या रेघा : ही बाजू चालायला, ही सायकलला. चार रविवार सकाळी सहा ते दहा. लोकांना बोलवायला फ्लेक्स लावू नका. जवळच्या शाळेला, ज्येष्ठ नागरिक संघाला आणि महिला मंडळाला प्रत्यक्ष भेटा. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी मुख्य रस्ते गाड्यांना बंद करून सायकलींना आणि चालणाऱ्यांना देतात. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात आणि लक्ष्मी रस्ता त्या दिवशी चालणाऱ्यांचा होतो. गाड्या नसलेला रस्ता लोकांनी एकदा पायाखाली घेतला की तुमचं निम्मं समजावणं वाचतं.

चाचणीतच विरोध करणारे पुढे येतात, आणि ते या टप्प्यावर आलेले बरे. आमच्याकडे एक गॅरेजवाले काका होते. दुरुस्तीच्या गाड्या ते तिथेच उभ्या करायचे. पहिल्या रविवारी ते भांडायला आले. त्यांना विचारलं, किती गाड्यांची जागा लागते? चार. तोंडाच्या बाहेर चार गाड्यांची जागा आखून दिली आणि ठराविक वेळेनंतर ती रिकामी ठेवायची असं ठरलं. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात १९७०चा एक उड्डाणपूल गाड्यांसाठी असुरक्षित ठरला आणि २०१७ मध्ये त्याची 'सोलो ७०१७' ही पायवाट झाली. तेव्हा नामदेमून बाजारातल्या व्यापाऱ्यांनी धंदा बुडेल म्हणून विरोध केला होता. पोटाचा प्रश्न असलेल्या माणसाशी आधी बोलायचं, आराखडा नंतर दाखवायचा. चहाची टपरी, हातगाडी, वडापाववाला असेल तर हटवू नका. पथविक्रेता अधिनियम २०१४ने त्यांना संरक्षण आहे. शिवाय तोंडाशी कायम बसणारं माणूस हा या वाटेचा सर्वांत स्वस्त पहारेकरी.

दोन तोंडं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या शहरांत अशा वाटा इथेच मरतात.

चारचाकी अडवणं सोपं आहे. लहानात लहान मोटार साधारण दीड मीटर रुंद असते, रिक्षा १.३ मीटर. दोन बोलार्डांमधली, म्हणजे वाट अडवायला रोवलेल्या आखूड खांबांमधली, मोकळी फट १.२ मीटर ठेवली की दोन्ही अडतात, आणि सायकल, व्हीलचेअर, बाबागाडी आरामात जाते. बोलार्ड कमरेइतका उंच हवा आणि त्यावर चमकणारी पट्टी हवी. गुडघ्याएवढे सिमेंटचे ठोकळे लावले तर अंधारात सायकलवाला त्यावर आपटतो. मधला एक बोलार्ड कुलूप काढून उचलता येईल असा ठेवा आणि तो काढल्यावर किमान साडेतीन मीटर मोकळे मिळाले पाहिजेत, अग्निशमनाच्या गाडीसाठी.

दुचाकीचं काय? बहुतेक ठिकाणी इथे चूक होते, आमचीही झाली. आम्ही आधी नागमोडी लोखंडी कठडे लावले. दुचाक्या थांबल्या, हे खरं. पण पहिल्याच आठवड्यात एक आजोबा नातवाने ढकललेल्या व्हीलचेअरवर तिथे आले आणि पहिल्या वळणावर अडकले. मागे घेता येईना, पुढे जाता येईना. दोघांनी मिळून खुर्ची उचलून बाहेर काढली. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही वेल्डरला बोलावलं. हिशोब साधा आहे. व्हीलचेअरला हात मोकळे ठेवून ९० सेंटिमीटर लागतात. स्कूटरचं हँडल ७० च्या आसपास असतं. व्हीलचेअर जाईल आणि स्कूटर जाणार नाही अशी फट करताच येत नाही. जो कुणी असं फाटक विकायला येईल त्याला नम्रपणे परत पाठवा.

मग उपाय काय? दुचाकीला तिथून जाण्यात फायदाच राहू देऊ नका. मोजणीचे बाण पुन्हा काढा आणि दुचाकीवाले तो तुकडा कुठल्या शॉर्टकटसाठी वापरतात ते शोधा. आमच्याकडे एका सिग्नलचा फेरा वाचत होता. वाटेच्या मध्यावर रस्त्याची रुंदी झाडांच्या आळ्यांनी कमी केली, सरळ दिसणारी रेघ मोडली, आणि दोन्ही तोंडांना सहा मीटर लांबीचा दगडी फरसाचा खडबडीत पट्टा केला. त्याच्या कडेला व्हीलचेअर आणि सायकलसाठी एक मीटर गुळगुळीत सोडला. गाडी हळू झाली की शॉर्टकटची मजा संपते. त्यात पहिले तीन महिने संध्याकाळी एक वाहतूक हवालदार आणि पावती. हे तीन महिने टाळलेत तर पुढची तीन वर्षं भांडत बसाल.

तोंडाच्या बाहेरचाही विचार करा. वाट संपते तिथे चौक असेल तर झेब्रा पट्टे, उंचवटा करून केलेलं क्रॉसिंग आणि बसथांबा यांची मागणी त्याच प्रस्तावात घाला. वाट सुंदर आणि पलीकडे रस्ता ओलांडायला जीव मुठीत, अशा वाटेवर आई मुलाला पाठवत नाही.

मधला भाग

सात मीटर डांबर असेल तर वाटणी अशी बसते : ३ मीटर दुहेरी सायकल, २ मीटर चालणं, २ मीटर झाडं आणि बाकं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, त्याच्या खाली जाऊ नका. रस्ता अरुंद असेल तर सायकल आणि चालणं एकत्र ठेवा, पण मग वेगाच्या सायकली तिथे नकोत हे मान्य करा.

जुनं डांबर उखडू नका. ठेकेदार पेव्हर ब्लॉकचा आग्रह धरील. ते खचतात, सांध्यांतून गवत येतं, सायकलला हादरे बसतात. खड्डे नीट चौकोनी कापून भरा आणि फक्त सायकलच्या पट्ट्यावर पातळ थर टाका. पैसा तोंडांसाठी, गटारांसाठी आणि दिव्यांसाठी वाचवा. चढ-उतार असेल तर २० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त चढ नको. अगदी नाइलाज असेल आणि रॅम्प छोटा असेल तर १२ ला १, कठड्यासकट.

झाडांचा दोन मीटरचा पट्टा मात्र खरंच उखडा. सोलच्या पुलावर चोवीस हजार झाडं-झुडपं कुंड्यांत लावावी लागली, कारण खाली जमीनच नव्हती. आपल्याला जमीन आहे, फक्त ती डांबर, खडी आणि सोलिंगच्या (तळाशी रचलेल्या मोठ्या दगडांच्या थराच्या) खाली दाबून घट्ट झालेली आहे. मीटरभर खोल जाऊन मोकळी मातीच लागेपर्यंत खणा, तळ पहारीने भुसभुशीत करा, पोयटा आणि शेणखत भरा. फूटभर खड्ड्यात लावलेलं रोप दोन उन्हाळे तग धरतं आणि मग तसंच खुरटतं. उत्तर-दक्षिण रस्त्याला झाडं पश्चिमेच्या कडेला लावा म्हणजे चार-पाच वाजताची सावली वाटेवर पडते. पूर्व-पश्चिम रस्त्याला दक्षिणेच्या कडेला. करंज, कडुनिंब, वावळ, बकुळ, मधेमधे ताम्हण आणि बहावा. पहिला पाऊस मुरला की लावायचं, रोप सहा-सात फुटांचं, आणि तीन उन्हाळे पाण्याची जबाबदारी कुणाची ते नावानिशी ठरवायचं. आधीची झाडं तोडायची वेळ आली तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण रेघ वाकवता आली तर वाकवा, झाड ठेवा.

दिव्यांचे खांब चार-पाच मीटरचे, फांद्यांच्या खाली उजेड पाडणारे, पिवळसर. आधी तोंडं आणि वळणं उजळवा. दोन्ही बाजूंना लांबलचक बंद भिंत असेल तर प्रत्येक दीड-दोनशे मीटरवर गल्लीत उतरणारी वाट काढा. संध्याकाळी सातला एकटीने चालणाऱ्या मुलीला उजेडाइतकाच आधार असतो बाहेर पडायच्या वाटेचा आणि समोरच्या खिडकीत दिसणाऱ्या माणसाचा.

पैसे आणि पुढची वर्षं

प्रस्ताव क्षेत्रीय कार्यालयातून वेळेत गेला पाहिजे, म्हणजे पुढच्या अंदाजपत्रकात बसतो. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. तुमच्या शहरात तशी सोय नसेल तर नगरसेवकाच्या प्रभाग निधीतून दोन तोंडांचं काम आधी सुरू करा, बाकीचं टप्प्याटप्प्याने. निविदेत दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदारानेच दुरुस्त करायची मुदत, किमान तीन वर्षांचा मागा आणि त्यात गटार सफाई, दिवे आणि झाडांचं पाणी शब्दशः लिहून घ्या. नुसतं 'देखभाल' लिहिलं की कुणीच काही करत नाही.

राडारोडा पुन्हा पडेल हे गृहीत धरा. पहिली ट्रॉली पडल्यावर चोवीस तासांत उचलली गेली तर दुसरी सहसा येत नाही, आठवडाभर राहिली तर डोंगर होतो. त्यासाठी आरोग्य निरीक्षकाचा फोन पाच जणांकडे असू द्या. उचलता येणाऱ्या बोलार्डच्या कुलपाच्या तीन किल्ल्या करा : एक अग्निशमन केंद्रात, एक क्षेत्रीय कार्यालयात, एक कडेच्या घरात, जिथे रात्री दोनलाही दार उघडलं जातं. आमच्याकडे ती किल्ली त्या गॅरेजवाल्या काकांकडे आहे. आणि दर जुलैत, पहिला मोठा पाऊस थांबला की, पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आम्ही पुन्हा ठिपके मारायला जातो. गेल्या वर्षी दोन डबकी निघाली. त्यातलं एक, पुन्हा, बुजलेल्या जाळीमुळे.